घरचंच सॉफ्टवेअर उलटतं तेव्हा: छोट्या ऑफिसांसाठी पायरीपायरीने बंदोबस्त

२७ जून २०१७ रोजी न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. ते मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे होतं आणि मर्स्कचे संगणक त्या दिवशी जगभर एकदमच बंद पडले होते. 'नॉटपेट्या' नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रामने, हे केलं. सोलापूरचे टेरी टॉवेल परदेशी जातात ते याच बंदरातून, त्यामुळे ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही. नुकसानीचे आकडे पुष्कळांनी लिहिले आहेत. मला ते मालवेअर आत कसं शिरलं आणि आत कसं फिरलं, हे सांगायचं आहे.

युक्रेनमधले व्यापारी कराच्या कामासाठी 'एमईडॉक' हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत. हल्लेखोरांनी त्याच्या अधिकृत अपडेटमध्येच घाण मिसळली. एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर उडी मारताना नॉटपेट्याने विंडोजमधल्या एका जुन्या त्रुटीचा फायदा घेतलाच. शिवाय मेमरीत पडलेले पासवर्ड उचलून पीएसएक्झेक आणि डब्ल्यूएमआय ही साधनंही वापरली. ही दोन्ही मायक्रोसॉफ्टचीच, सिस्टीम सांभाळणारी माणसं कामासाठी वापरतात ती. म्हणून सगळे पॅच, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, घातलेली मशीनंही गेली.

घर फोडायला आलेला चोर स्वतःची पहार आणत नाही, गोठ्याच्या दाराशी टेकवलेली आपलीच उचलतो. हल्लीचं बरंचसं मालवेअर याच वाटेने जातं. अँटिव्हायरस वाईट फाइल शोधत राहतो आणि इथे काम करणारी फाइल मायक्रोसॉफ्टची सही असलेली, विंडोजसोबतच आलेली असते. ती काढून टाकावी म्हटलं तर विंडोजच अडतं.

अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतला कारखाना, गारमेंटचं युनिट, मार्केट यार्डातली आडत, नवी पेठेतलं कर सल्लागाराचं ऑफिस अशा ठिकाणांसाठी हा लेख आहे. चार-पाच संगणक, त्यावर टॅली, जीएसटी, ई-वे बिल, आणि बिघडलं की फोन करून बोलवायचा एक सिस्टीमवाला, एवढीच तिथली व्यवस्था असते. मोठ्या कंपनीसारखं सुरक्षा खातं नसलं तरी खालचं बहुतेक काम एका सुटीच्या दिवशी उरकतं. मासिक विवरणपत्रं भरत असाल तर ११ आणि २० तारखेच्या आसपासचे दिवस मात्र टाळा.

कोणती साधनं उलटतात

पहिला गट विंडोजच्या पोटातल्या साधनांचा. पॉवरशेल हे प्रशासकांसाठीचं शक्तिशाली साधन आहे. मालवेअर त्याला एक लांबलचक गिचमीड आज्ञा देतं, आणि पुढचा कार्यक्रम डिस्कवर फाइल न ठेवता थेट मेमरीत चालतो. सर्टयुटिल हे प्रमाणपत्रं हाताळण्याचं साधन, पण त्याला इंटरनेटवरून फाइलही उतरवता येते. एमएसएचटीए आणि डब्ल्यूस्क्रिप्ट जुन्या स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या फाइल, चालवतात. तुमच्या रोजच्या कामाला या दोघांची गरज बहुधा कधीच पडत नाही, तरी प्रत्येक मशीनवर ते तयार बसलेले असतात.

दुसरा प्रकार जास्त धूर्त आहे. चांगला प्रोग्राम सुरू होताना आपल्याच फोल्डरमध्ये मदतीची डीएलएल फाइल शोधतो. हल्लेखोर तो खरा प्रोग्राम आणि त्याच नावाची खोटी डीएलएल शेजारी शेजारी ठेवतो. खरा प्रोग्राम खोटी फाइल विश्वासाने उचलतो. जुलै २०२१ मध्ये कॅसेया या कंपनीच्या रिमोट व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधून रॅन्समवेअर, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं मालवेअर, पसरलं, तेव्हा विंडोज डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसची एक जुनी, सही असलेली फाइल अशी वापरली गेली होती. व्हीएलसी प्लेअरच्या बाबतीतही हे घडलेलं आहे.

ड्रायव्हरचंही तेच. ड्रायव्हर म्हणजे विंडोजच्या अगदी आतल्या थरात चालणारा प्रोग्राम. २०२२ मध्ये 'गेन्शिन इम्पॅक्ट' या गेमचा फसवणूक रोखणारा ड्रायव्हर रॅन्समवेअरवाल्यांनी अँटिव्हायरस बंद पाडायला वापरला. मशीनवर गेम असण्याचीही गरज नव्हती, ड्रायव्हर त्यांनी सोबतच आणला होता. २०२४ मध्ये 'श्रिंकलॉकर' उघडकीला आलं. ते ड्राइव्ह कुलूपबंद करायला विंडोजचंच कुलूप लावणारं साधन, बिटलॉकर, वापरत होतं.

आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त त्रास देणारा प्रकार म्हणजे रिमोट सॉफ्टवेअर. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर ही चांगली साधनं आहेत. पुण्यात बसलेला माणूस सोलापूरचं मशीन दुरुस्त करतो ते यांच्याच जोरावर. पण रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कच्या आधारे होणाऱ्या यूपीआय फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं.

नाव सोडा, हे तीन प्रश्न विचारा

कुठलाही प्रोग्राम चालताना दिसला की त्याला कोणी उठवलं, तो कुठून चालतोय आणि त्याला काय करायला सांगितलंय, हे बघायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच तीन प्रश्नांवर उभ्या आहेत.

टास्क मॅनेजर उघडा, 'डिटेल्स' टॅबवर जा, वरच्या पट्टीवर उजवं क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स' निवडा आणि 'इमेज पाथ नेम' व 'कमांड लाइन' या दोन रकान्यांवर टिक करा. आता प्रत्येक प्रोग्रामचा पत्ता आणि त्याला मिळालेली आज्ञा दिसेल. एसव्हीसीहोस्ट नावाच्या ओळी पुष्कळ दिसतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. त्यांचा पत्ता विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरचा असला पाहिजे. तेच नाव ॲपडेटा किंवा डाउनलोड्समधून चालत असेल तर ते सोंग आहे. पॉवरशेलच्या आज्ञेत 'हिडन' किंवा 'एन्कोडेडकमांड' असे शब्द आणि पुढे अर्थहीन अक्षरांची माळ असेल, तर लगेच सिस्टीमवाल्याला बोलवा.

कोणी उठवलं हे बघायला मायक्रोसॉफ्टचाच 'प्रोसेस एक्सप्लोरर' हा मोफत प्रोग्राम घ्या, तोही मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच. त्यात प्रोग्राम झाडासारखे दिसतात. वर्ड किंवा एक्सेलच्या फांदीला पॉवरशेल लटकलेलं दिसलं तर ते जवळजवळ नक्कीच वाईट, कारण दिवाणजी बिल टाइप करताना एक्सेलला पॉवरशेल लागत नाही. मात्र लॅपटॉप कंपन्यांची अपडेटची साधनंही अधूनमधून पॉवरशेल चालवतात. म्हणून दिसलं की मारलं, असं करू नका. आधी तिन्ही उत्तरं मिळवा.

पायरी १: यादी करा

प्रत्येक मशीनवर सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स असं जाऊन काय काय आहे ते वहीत उतरवा. प्रत्येक नावापुढे ते कोण वापरतं ते लिहा. ज्याच्यापुढे नाव लिहिता येत नाही ते काढा. जुने पीडीएफ कन्व्हर्टर, 'पीसी क्लीनर', ड्रायव्हर अपडेटर हे सगळे यात येतील. २०१७ मध्ये सीसीक्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतूनच मालवेअर लाखो मशीनवर गेलं होतं. जेवढे प्रोग्राम कमी, तेवढी अशी दारं कमी.

क्रॅक केलेलं काहीही असेल तर ते आजच काढा. विंडोजचा ॲक्टिव्हेटर असो की टॅलीचा क्रॅक, आधी 'अँटिव्हायरस बंद करा' ही त्याची अट असते. पहारेकऱ्याला बाहेर पाठवून ज्याला आत घेतलं, त्याने नंतर काय केलं हे शोधायला कुठलंच साधन उरत नाही. पैशाची अडचण मी जाणतो, पण एका हंगामाचे हिशेब गेल्यावरचा खर्च लायसन्सच्या कितीतरी पट असतो.

विंडोज १० चा सर्वसाधारण मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. मशीन अजून त्यावर असेल तर तेही वहीत लिहा आणि बदलायची तारीख ठरवा.

पायरी २: रिमोटचं दार एकच ठेवा

बहुतेक ऑफिसांत दोन-तीन रिमोट साधनं सापडतात. टॅलीवाल्याने एक टाकलेलं, प्रिंटरवाल्याने दुसरं, कधीतरी आलेल्या कुणीतरी तिसरं. एक ठेवा, बाकीची काढा. जे ठेवाल त्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये 'अनअटेंडेड ॲक्सेस' बंद करा. तो चालू असेल तर रात्री दोन वाजताही समोरचा माणूस पासवर्ड टाकून आत येतो आणि कुणी 'ॲक्सेप्ट' दाबावं लागत नाही. काम संपलं की प्रोग्राम पूर्ण बंद करायचा, फक्त खिडकी लहान करायची नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द एनीडेस्कने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं जाहीर करून सहीची प्रमाणपत्रं बदलली. त्यामुळे पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षं फिरणारी जुनी आवृत्ती वापरू नका, अधिकृत साइटवरून नवी घ्या.

मालकाला घरून टॅली बघता यावं म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून ठेवलेला असेल तर तो बंद करा. पोर्टचा नंबर बदलून भागत नाही, नंबर शोधणारे प्रोग्राम दिवसरात्र इंटरनेट चाळत असतात. घरून बघायचंच असेल तर सिस्टीमवाल्याकडून व्हीपीएन, म्हणजे ऑफिसपर्यंतचा कुलूपबंद रस्ता, लावून घ्या.

पायरी ३: रोजचं खातं ॲडमिनचं नको

सगळ्या पायऱ्यांत एकच करायची असेल तर ही करा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूझर्समधून एक वेगळं ॲडमिन खातं बनवा, त्याला मजबूत पासवर्ड द्या आणि तो कागदावर लिहून कुलपात ठेवा. मग रोजच्या खात्याचा प्रकार 'स्टँडर्ड यूझर' करा. आता दिवाणजींनी चुकीची फाइल उघडली तरी ती त्यांच्याच अधिकारात चालते. त्यांच्या फाइल धोक्यात येतील, पण तिला आपण होऊन ड्रायव्हर टाकता येणार नाही, अँटिव्हायरस बंद करता येणार नाही, सर्व्हिस, म्हणजे मागे आपोआप चालणारा प्रोग्राम, बसवता येणार नाही.

पहिल्या आठवड्यात कुरकुर होईल. डिजिटल सहीचं युटिलिटी किंवा जुनं बिलिंग सॉफ्टवेअर ॲडमिनचा पासवर्ड मागेल. ते एकेकदा ॲडमिन खात्यातून नीट बसवा, म्हणून सगळ्यांना परत ॲडमिन करून टाकू नका. आणि डिजिटल सहीचं टोकन दिवसभर यूएसबीत खोचून ठेवायची सवय मोडा. मशीन दुसऱ्याच्या ताब्यात गेलं आणि टोकन आत असलं, तर तुमच्या नावाने सही व्हायला फक्त पिन लागतो.

पायरी ४: स्क्रिप्टची वाट अडवा

फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. 'जीएसटी नोटीस डॉट पीडीएफ डॉट जेएस' या नावाची शेपटी विंडोज एरवी लपवतं आणि फाइल पीडीएफ असल्यासारखी दिसते.

मग सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्समध्ये वरच्या चौकटीत एकेक शेपटी टाइप करा: जेएस, जेएसई, व्हीबीएस, व्हीबीई, डब्ल्यूएसएफ, एचटीए, प्रत्येकाच्या आधी टिंब. प्रत्येकीसाठी नोटपॅड निवडा. यापुढे अशा फाइलवर डबल क्लिक केलं तर ती चालणार नाही, नुसता मजकूर उघडेल. पैसा लागत नाही आणि ऑफिसचं काम अडत नाही.

पायरी ५: एक्सेलचे मॅक्रो

खरेदीदाराकडून रेटशीट येते, एजंटाकडून ऑर्डर येते, सगळं एक्सेलमध्ये. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आतले छोटे प्रोग्राम, मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप अडवायला सुरुवात केली. पण ही अडवणूक फाइलवरच्या एका अदृश्य खुणेवर चालते आणि पेनड्राइव्हवरून आलेल्या फाइलवर ती खूण बहुधा नसते. म्हणून एक्सेल आणि वर्ड दोन्हीत ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, मॅक्रो सेटिंग्ज इथे जाऊन मॅक्रो बंद ठेवा. कुणी फोनवर 'फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करा' असं सांगत असेल तर तिथेच थांबा.

पायरी ६: डिफेंडरचं कपाट उघडून बघा

विंडोज सिक्युरिटी उघडा. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या सेटिंगमध्ये खाली 'एक्स्क्लूजन्स' असतं. आधी तिथे बघा. या यादीतली फोल्डर तपासलीच जात नाहीत. कधीतरी एखादं सॉफ्टवेअर चालेना म्हणून कुणीतरी अख्खा सी ड्राइव्ह इथे टाकून गेलेला असतो. गरजेचं नाही ते सगळं काढा.

त्याच पानावर 'टॅम्पर प्रोटेक्शन' आणि 'क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन' चालू करा. 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये नको असलेल्या ॲपना अडवण्याची सोय चालू करा. 'डिव्हाइस सिक्युरिटी'त कोअर आयसोलेशनमध्ये 'मेमरी इंटेग्रिटी' आणि 'व्हल्नरेबल ड्रायव्हर ब्लॉकलिस्ट' चालू करा. वर सांगितलेल्या गेमच्या ड्रायव्हरसारखे प्रकार यानेच अडतात. जुना प्रिंटर किंवा बारकोड मशीनचा ड्रायव्हर कुरकुरला तर त्याचा नवा ड्रायव्हर शोधा. दुसरा अँटिव्हायरस बसवलेला असेल तर यातले काही पर्याय दिसणार नाहीत, मग त्याच्या सेटिंगमध्ये तेच शोधा.

विंडोज प्रो असेल तर सिस्टीमवाल्याला 'अटॅक सरफेस रिडक्शन'चा एक नियम लावायला सांगा: ऑफिसच्या प्रोग्रामनी दुसरे प्रोग्राम सुरू करायचे नाहीत. वर्डच्या फांदीला पॉवरशेल लटकण्याचा मार्गच तो तोडतो.

पायरी ७: साधनांना इंटरनेट नको

एमएसएचटीए, डब्ल्यूस्क्रिप्ट, सीस्क्रिप्ट, सर्टयुटिल, रेगएसव्हीआर३२ यांना काढता येत नाही, पण बाहेर बोलू न देता येतं. 'विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी' उघडा, 'आउटबाउंड रूल्स', 'न्यू रूल', 'प्रोग्राम', मग त्या फाइलचा पत्ता आणि 'ब्लॉक'. यातल्या प्रत्येक साधनाची एक प्रत सिस्टीम३२ मध्ये आणि दुसरी सिसवाव६४ मध्ये असते, दोन्हींना नियम लावा. एकच लावून लोक निर्धास्त होतात आणि मालवेअर दुसरी प्रत वापरतं. पॉवरशेललाही असाच नियम लावता येतो. सिस्टीमवाला त्यातून काही अपडेट चालवत असेल तर आधी त्याला विचारा.

पायरी ८: काय आपोआप सुरू होतं

मालवेअरला मशीन बंद-चालू झाल्यावरही टिकायचं असतं, म्हणून ते सुरुवातीच्या यादीत स्वतःला घुसवतं. मायक्रोसॉफ्टचं 'ऑटोरन्स' ही सगळी ठिकाणं एकत्र दाखवतं. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय त्यात आहे. तो लावून एकदा आणि काढून एकदा बघा. या लेखाचा विषयच मायक्रोसॉफ्टची सही असलेल्या साधनांचा गैरवापर आहे, त्यामुळे लपवलेल्या नोंदीही नजरेखालून गेल्या पाहिजेत. रनडीएलएल३२ (डीएलएल फाइल चालवणारं विंडोजचं साधन) किंवा पॉवरशेलला ॲपडेटा, टेम्प किंवा पब्लिक फोल्डरमधली फाइल चालवायला सांगणारी नोंद दिसली की तिचा फोटो काढा आणि चौकशी करा.

इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत दोन आकडे महिन्यातून एकदा शोधा. 'सिस्टीम' लॉगमध्ये ७०४५, म्हणजे नवी सर्व्हिस बसली. पीएसएक्झेक वापरलं की त्याची सर्व्हिस इथे नोंदली जाते. 'सिक्युरिटी' लॉगमध्ये ११०२, म्हणजे कुणीतरी लॉग पुसला. सिस्टीमवाल्याने पुसला नसेल तर मग कोणी, हे विचारलंच पाहिजे.

पायरी ९: बॅकअप, आणि तो तोडून ठेवलेला

रॅन्समवेअर विंडोजने ठेवलेल्या फाइलच्या जुन्या प्रती आधी पुसतं, त्याही विंडोजच्याच साधनाने. कायम जोडलेली हार्ड डिस्क आणि दुसऱ्या मशीनवरचं शेअर केलेलं फोल्डरही त्याला दिसतं. म्हणून दोन हार्ड डिस्क घ्या, आळीपाळीने बॅकअप घ्या आणि घेऊन झाला की वायर काढा. एक डिस्क ऑफिसबाहेर ठेवा. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर टॅलीचा डेटा खरंच उघडून बघा, शेवटचं व्हाउचर दिसतं का तपासा. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर छापून ठेवा.

ऑफिसातल्या माणसांना एवढं सांगा

२०२४ पासून एक युक्ती फार पसरली आहे. एखादी साइट 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणते आणि विंडोज व आर ही बटणं एकत्र दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर असं सांगते. माणूस स्वतःच्या हाताने पॉवरशेलला आज्ञा देतो. कुठलीही खरी साइट असं करायला सांगत नाही. हे वाक्य प्रत्येकाला तोंडपाठ झालं पाहिजे. कुणी केलं असेल अशी शंका आली तर विंडोज व आर दाबून तीच चौकट उघडा आणि बाणावर क्लिक करा, दिलेल्या आज्ञा तिथे दिसतात. जो पोरगा येऊन 'माझ्याकडून असं झालं' म्हणेल त्याच्यावर ओरडू नका. पुढच्या वेळी त्याने लपवलं तर तुम्हाला कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

मोबाइलवरही तेच. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओ चलन म्हणून एपीके फाइल, म्हणजे ॲप बसवणारी फाइल, येते आणि ती बसवली की 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागते. ही सोय ज्यांना स्क्रीन दिसत नाही त्यांच्यासाठी बनवलेली आहे, म्हणूनच तिला स्क्रीन वाचता येते आणि बटणंही दाबता येतात. यूपीआय असलेल्या फोनवर प्ले स्टोअरबाहेरचं ॲप बसवू नका.

घडलंच तर

आधी नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा. फाइलची नावं डोळ्यांदेखत बदलत असतील तर मशीन सरळ बंद करा. तसं नसेल तर चालू ठेवा, मेमरीत पुरावा असतो. डिजिटल सहीचं टोकन आणि बॅकअपची डिस्क काढून घ्या. स्क्रीनचे फोटो काढा.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घेऊन सायबर पोलीस ठाण्यात जा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्यावसायिक संस्थांनी अशा घटना सहा तासांच्या आत त्यांना कळवायच्या आहेत. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळे पासवर्ड त्याच्यावरूनच परत मिळवता येतात. खंडणी देण्याआधी 'नो मोअर रॅन्सम' या युरोपोल आणि डच पोलिसांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या साइटवर तुमच्या प्रकाराची किल्ली मोफत आहे का ते बघा.

बाधित मशीन 'साफ' करून वापरायच्या भानगडीत पडू नका. पोलिसांनी सांगितलं असेल तर मूळ डिस्क काढून जपून ठेवा, नवी डिस्क घाला, विंडोज कोरं बसवा, स्टँडर्ड खातं बनवा, पायरी ४ ते ७ पूर्ण करा आणि त्यानंतरच बॅकअपची डिस्क जोडून फक्त डेटा परत आणा. जुने सेटअप आणि प्रोग्राम त्या डिस्कवरून उचलू नका, ते अधिकृत साइटवरून नव्याने घ्या.